‘हितवादी’च्या कचेरीतला मराठी माणूस

१७४२ साली कोलकात्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. धसका होता नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या स्वारांचा. सात मैलांचा खंदक ठरला होता. सहा महिन्यांत तीनेक मैल खणून झाला, मग मराठे काही कोलकात्याकडे वळत नाहीत असं दिसलं आणि काम तिथेच थांबलं. पुढे खंदक बुजवला गेला, त्याच्या बऱ्याचशा भागावरून सर्क्युलर रोड गेला. बागबाजारात मात्र ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली राहिली.

१७४१ ते १७५१ या दहा वर्षांनी बंगालमध्ये मराठी माणसाची ओळख ठरवून टाकली. भोसल्यांचे बारगीर म्हणजे बंगाल्यांचे ‘बर्गी’. मुलं झोपेनात तर आया बर्गी आल्याची भीती घालत. १७५१ च्या तहात अलीवर्दीखानाने ओडिशा सोडला, वर्षाला बारा लाखांची चौथ कबूल केली आणि स्वाऱ्या थांबल्या. अंगाईगीतांतले बर्गी काही थांबले नाहीत.

मध्य प्रदेशातला बैहर तालुका आज ज्या बालाघाट जिल्ह्यात आहे, तो मुलूखही कधीकाळी याच भोसल्यांच्या अमलाखाली होता. इंग्रजांनी १८६७ मध्ये मंडला, सिवनी आणि भंडारा यांचे तुकडे जोडून हा जिल्हा केला, आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत तो ज्या प्रांतात होता त्याची राजधानी नागपूरच होती. बैहरच्या पठारावर गोंडी आणि हिंदी जास्त. घाट उतरून वारासिवनी, कटंगी, लांजीकडे गेलं की पोवारीबरोबर मराठीही कानावर पडते. पण घरात बोली कोणतीही असो, सकाळी दारात पडतो तो हिंदी पेपर. आपली भाषा एक आणि पेपरची भाषा दुसरी, याचं इथे कुणाला नवल वाटत नाही.

वाचणाऱ्यांचं तसं, तसंच काही लिहिणाऱ्यांचंही. दमोह जिल्ह्यात जन्मलेल्या माधवराव सप्र्यांनी १९०० मध्ये पेंड्रा इथून ‘छत्तीसगढ मित्र’ काढलं आणि १९०७ मध्ये नागपुरातून ‘हिंदी केसरी’. घरी मराठी, छापखान्यात हिंदी. मध्य प्रांतात मराठी आणि हिंदी शेजारी नांदत होत्या, म्हणून सप्र्यांचं आपल्याला फारसं आश्चर्य वाटत नाही. ज्या प्रांतात मराठ्यांच्या नावाने मुलांना भीती घालत, तिथल्या भाषेत वर्तमानपत्र चालवायचं आणि तेही त्या भाषेच्या राजधानीत, हे प्रकरण वेगळं. सखाराम गणेश देउस्करांनी ते केलं. बंगाली वर्तमानपत्रं कशी चालत, ती कोण काढी आणि मालकाचं व संपादकाचं कुठे बिनसे, हे समजून घ्यायला मराठी वाचकाला त्यांच्याइतका चांगला वाटाड्या मिळणार नाही.

*

आधी ते ज्या दुनियेत शिरले ती दुनिया पाहू.

बंगालीतलं नियतकालिकांचं छापकाम मिशनऱ्यांनी सुरू केलं. श्रीरामपूरच्या बॅप्टिस्ट मिशनने २३ मे १८१८ रोजी ‘समाचार दर्पण’ हे साप्ताहिक काढलं. ज्या छापखान्यातून ते निघालं, त्याच छापखान्याने १८०५ मध्ये विल्यम केरीचं मराठी व्याकरण आणि १८१० मध्ये मोडी खिळ्यांत मराठी कोश छापला होता. तिथले खिळे पाडणारा कारागीर पंचानन कर्मकार. त्याने बंगाली अक्षरं घडवली आणि देवनागरीही. मराठी मुद्रणाचे पाळण्यातले पाय असे हुगळीकाठी दिसतात, ही गोष्ट आपल्याकडे जरा कमीच सांगितली जाते.

बंगालीतलं पहिलं दैनिक ‘संवाद प्रभाकर’. कवी ईश्वरचंद्र गुप्तांनी ते १८३१ मध्ये साप्ताहिक म्हणून सुरू केलं आणि १४ जून १८३९ पासून रोज काढायला लागले. पुण्याचं ‘ज्ञानप्रकाश’ दैनिक व्हायला १९०४ उजाडलं, हे लक्षात घेतलं की बंगालीची आघाडी कळते. तरी एक सांगितलं पाहिजे. एकोणिसाव्या शतकात बंगाली वाचकावर खरी सत्ता साप्ताहिकांची होती. ताजी बातमी तारेने इंग्रजीत यायची आणि इंग्रजी दैनिकं ती आधी छापून मोकळी व्हायची. बंगालीत तिचं भाषांतर करून, शेकडो जोडाक्षरांचे खिळे एकेक वेचून मजकूर जुळवेपर्यंत ती शिळी होई. शिवाय निम्मा वाचक कोलकात्याबाहेर, टपालाने अंक मागवणारा. त्याला रोजच्या बातमीपेक्षा आठवड्याचा विचार हवा असे.

मालक म्हणून पहिलं ठसठशीत उदाहरण घोष बंधूंचं. शिशिरकुमार आणि मोतीलाल घोष यांनी १८६८ मध्ये जेसोर जिल्ह्यातल्या आपल्या खेड्यातून ‘अमृत बाजार पत्रिका’ काढली. आईचं नाव अमृतमयी, तिच्या नावाने वसवलेला बाजार, त्या बाजाराच्या नावाने पेपर. तीन वर्षांत बिऱ्हाड कोलकात्याला आलं. पेपर मुख्यतः बंगालीत होता आणि निळीच्या मळेवाल्यांपासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांना झोंबत होता. १४ मार्च १८७८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचा कायदा आणला. अधिकाऱ्याला वाटलं तर त्याने छापखान्याकडून जामीन मागावा, न पटलं तर यंत्र जप्त करावं, आणि त्यावर कोर्टात दाद नाही. इंग्रजी पेपरांना मात्र हा कायदा लागू नव्हता. २१ मार्चचा ‘पत्रिके’चा अंक निघाला तो पूर्ण इंग्रजीत. कायदा हात चोळत बसला. घोषांनी कायद्याला चकवलं यात शंका नाही, पण बंगालीचा एक दमदार पेपर गेला तो गेलाच. कायदा १८८२ मध्ये रद्द झाला तरी ‘पत्रिका’ बंगालीत परतली नाही. १८९१ मध्ये ती दैनिक झाली, इंग्रजी दैनिक.

ही ‘पत्रिका’ बागबाजारातून निघत असे, म्हणजे मराठ्यांच्या भीतीने खणलेल्या त्या खंदकाच्या शेजारून. १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला, तेव्हा त्यांच्या बचावासाठी कोलकात्यात निधी जमवायला जे पुढे आले त्यांत याच कचेरीतली माणसं होती. निधी जमवणाऱ्यांत रवींद्रनाथही होते. कोलकात्याचे बॅरिस्टर मुंबईला आले. माफी मागून सुटावं असा सल्ला स्नेह्यांकडून आला तेव्हा आपण तसं का करणार नाही, हे टिळकांनी मोतीलाल घोषांनाच पत्राने कळवलं. त्या खटल्याची कायदेशीर मुळंही बंगालमध्येच होती. राजद्रोहाचं १२४ अ कलम पहिल्यांदा लावलं गेलं ते १८९१ मध्ये, ‘बंगवासी’ या बंगाली साप्ताहिकाच्या जोगेंद्रचंद्र बसूंवर. संमतिवयाच्या कायद्याविरुद्ध त्यांनी जळजळीत लिहिलं होतं. ज्यूरीचं एकमत झालं नाही, शेवटी माफीवर प्रकरण मिटलं. पण न्यायाधीशाने तिथे लावलेला अर्थ मुंबईच्या न्यायमूर्ती स्ट्रॅचींना सहा वर्षांनी उपयोगी पडला. त्यांनी तो आणखी ताणला आणि टिळकांना अठरा महिने ठोठावले.

*

देउस्करांचं घराणं मूळचं कोकणातलं. मराठ्यांच्या राज्यविस्ताराच्या काळात पूर्वेकडे सरकलेल्या काही मराठी कुटुंबांनी देवघरजवळच्या करौं गावी घरं केली, त्यांतलं हे एक. आता हा भाग झारखंडात आहे, तेव्हा बंगाल इलाख्यात होता. सखाराम १७ डिसेंबर १८६९ रोजी करौंमध्ये जन्मले. पाच वर्षांचे असताना आई गेली आणि आत्याने वाढवलं. घरात मराठी, शाळेत बंगाली. शिक्षण देवघरच्या हायस्कुलात झालं, पुढे तिथेच मास्तरकी मिळाली.

देवघर हे त्या काळी हवापालटाला येणाऱ्या बंगाली भद्रलोकांचं गाव होतं. ब्राह्म समाजातले ज्येष्ठ विचारवंत राजनारायण बसू तिथेच राहत. ते अरविंद घोषांचे आजोबा, आईचे वडील. तरुण सखारामवर त्यांचा मोठा प्रभाव पडला. अरविंदांचे धाकटे भाऊ बारींद्र याच गावच्या शाळेत शिकले. बंगालच्या क्रांतिकारकांची ही मंडळी देउस्करांना पुढे कोलकात्यात पुन्हा भेटणार होती.

१८९४ मध्ये देवघरला हार्ड नावाचा मॅजिस्ट्रेट होता. त्याच्या कारभाराविरुद्ध कोलकात्याच्या ‘हितवादी’ साप्ताहिकात लेख येऊ लागले. लेखक कोण, हे कळायला वेळ लागला नाही. मास्तरांना नोकरीवरून काढायची धमकी आली. त्यांनी वाट न बघता राजीनामा दिला आणि कोलकात्याला जाऊन ‘हितवादी’च्या कचेरीत मुद्रितं तपासायचं काम धरलं.

बंगाली ज्याची आईकडून आलेली भाषा नाही, त्याने बंगाली पेपरची प्रुफं वाचायची, म्हणजे बंगाल्यांच्या चुका काढायच्या! आत शिरायला याहून चांगला दरवाजा नव्हता असं मला वाटतं. रोजचा प्रत्येक शब्द हाताखालून जातो, कोण कसं लिहितं ते कळतं आणि पेपर कुठे कच्चा आहे तेही. पगार मात्र अगदी बेताचा.

*

‘हितवादी’ १८९१ मध्ये निघाला तो एकट्यादुकट्याचा पेपर म्हणून नव्हे. भागीदारांनी पैसे घालून कंपनी केली, विद्वान कृष्णकमल भट्टाचार्य संपादक झाले आणि साहित्याची बाजू तिशीच्या रवींद्रनाथांकडे आली. रवींद्रनाथांच्या सुरुवातीच्या कथा, त्यांत ‘पोस्टमास्टर’ आणि ‘देना पाओना’, याच साप्ताहिकात आल्या. कथा काही आठवडेच टिकल्या. त्या सामान्य वाचकाला जड जातात अशी कुरबूर झाली आणि रवींद्रनाथ बाजूला झाले. जगातल्या उत्तम कथांपैकी काही हातात असताना पेपरवाल्यांना त्या जड वाटाव्यात, ही वर्तमानपत्री अक्कल कुठल्याही भाषेत सारखीच असते.

पुढे हा पेपर कालीप्रसन्न काव्यविशारदांच्या ताब्यात आला. हे गृहस्थ कवी, गीतकार, तिरकस लेखणीचे आणि धंद्यात पक्के. बंगाली साप्ताहिकांच्या धंद्याची एक युक्ती या काळात चांगलीच रुजली होती. ती म्हणजे ‘उपहार’, वर्गणीदाराला द्यायची भेट. आपल्याकडे वर्गणीबरोबर डबे, बादल्या मिळतात. बंगालीत ग्रंथ मिळत. ‘बंगवासी’ने पुराणं आणि शास्त्रग्रंथ स्वस्तात घराघरांत पोचवले. ‘वसुमती’ने नामांकित लेखकांच्या ग्रंथावल्या काढल्या. ‘हितवादी’ने १९०४ मध्ये रवींद्रनाथांची ग्रंथावली उपहार म्हणून दिली, म्हणजे ज्यांच्या कथा तेरा वर्षांपूर्वी जड झाल्या होत्या त्यांचीच. छापखाना एक, खिळे तेच, कामगार तेच. आठवड्यातले जे दिवस पेपर छापायचा नसे त्या दिवशी पुस्तकं छापायची. त्यामुळे यंत्र बसून राहत नसे आणि खेड्यातला वाचक पुस्तकाच्या ओढीने वर्षभराची वर्गणी आगाऊ भरी. बंगाली पेपरांनी बंगाली वाचक वाढवला तो अग्रलेखांइतकाच या स्वस्त पुस्तकांनी, असं माझं मत आहे.

देउस्कर प्रुफांपासून सहसंपादकपदापर्यंत चढले. लिहीत होतेच. न्यायमूर्ती रानड्यांचं चरित्र, बाजीराव, आनंदीबाई, झाशीचा राजकुमार, असे मराठी इतिहासातले विषय ते एकामागून एक बंगालीत आणत राहिले. ज्या वाचकाला मराठे म्हणजे लुटारू एवढंच ठाऊक होतं, त्याच्यासमोर ते महाराष्ट्र मांडत होते. १९०२ मध्ये कोलकात्यात शिवाजी उत्सव सुरू झाला, त्यामागे त्यांचाच पुढाकार होता. १९०४ मध्ये त्यांनी ‘शिवाजीर दीक्षा’ ही पुस्तिका लिहिली आणि तिला प्रस्तावनेसारखी जोड म्हणून रवींद्रनाथांनी ‘शिवाजी उत्सव’ ही कविता दिली. ज्यांच्या भीतीने खंदक खणला, त्यांच्या राजावर दीडशे वर्षांनी त्याच शहरातला सर्वांत मोठा कवी कविता लिहितो. हे परिवर्तन एकट्या देउस्करांनी केलं असं नाही, पण मधला माणूस तेच होते.

१९०६ च्या जूनमध्ये टिळक, खापर्डे आणि मुंजे उत्सवासाठी कोलकात्याला गेले. त्या वर्षी भवानीची मूर्ती बसवून पूजा झाली. ब्राह्म मंडळींना ती रुचली नाही, मुसलमानांना तर त्यात आपली जागाच दिसेना. पुण्यात चालणारी गोष्ट उचलून कोलकात्यात ठेवली की तिचा अर्थ बदलतो. याचं भान उत्सववाल्यांना पुरेसं नव्हतं, हे म्हणायला हवं.

*

देउस्करांचं खरं काम मात्र १९०४ मध्येच झालं होतं. त्या वर्षी ‘देशेर कथा’ निघालं. दादाभाई नौरोजी, विल्यम डिग्बी, रमेशचंद्र दत्त यांच्या जाडजूड इंग्रजी ग्रंथांतली आकडेवारी त्यांनी सोप्या बंगालीत उतरवली. विणकर कसा बुडाला, कालव्यांपेक्षा रेल्वेवर पैसा का गेला, दुष्काळ पावसाचा किती आणि सारापट्टीचा किती, देशातून दर वर्षी किती संपत्ती बाहेर जाते, असा सगळा हिशोब त्यात आहे. विषय रुक्ष, पण लिहिणारा दहा वर्षं पेपरात मुरलेला. इंग्रजी न येणाऱ्या दुकानदाराला आणि शाळामास्तरला समजेल अशी वाक्यं कशी करायची, ते त्याला ठाऊक होतं. पुढच्याच वर्षी बंगालची फाळणी झाली, स्वदेशीची चळवळ उसळली आणि वक्त्यांना आकडे हवे झाले. ते या पुस्तकात तयार होते. चार वर्षांत पाच आवृत्त्या निघाल्या. स्वदेशीची मनोभूमी तयार करण्यात या पुस्तकाचा वाटा फार मोठा होता, असं अरविंदांनी पुढे नमूद केलं आहे.

‘हितवादी’ तेव्हा एकटा नव्हता. ब्रह्मबांधव उपाध्याय या संन्याशाने १९०४ मध्ये ‘संध्या’ हे सांजदैनिक काढलं. भाषा बाजारातली, शिव्यांच्या काठावर चालणारी. गाडीवान आणि फेरीवालेही ते विकत घेत. १९०६ मध्ये बारींद्र आणि त्यांच्या साथीदारांचं ‘युगांतर’ साप्ताहिक आलं. या दोन पेपरांनी वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावरच्या एका ओळीला भलतंच वजन आणलं. १८६७ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक अंकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं छापावी लागत. आजही आपण ती ओळ न वाचता पेपर घडी करतो. तेव्हा त्या ओळीत ज्याचं नाव, त्याला तुरुंग. ‘युगांतर’ने दर खटल्यानंतर नवं नाव पुढे केलं. एक जण आत गेला की दुसरा मुद्रक म्हणून सही करायला हजर. १९०७ मध्ये विवेकानंदांचे भाऊ भूपेंद्रनाथ दत्त असेच वर्षभरासाठी गेले. परक्या सरकारच्या कोर्टात मी जबाब देणार नाही, असं ब्रह्मबांधवांनी सांगितलं आणि खटला संपायच्या आत, ऑक्टोबर १९०७ मध्ये, ते इस्पितळात वारले. ज्याला आपण ‘प्रकाशक’ म्हणतो तो बंगालमध्ये काही वर्षं पैसेवाला नव्हता. तुरुंगात जायला तयार असलेला कुणीतरी पोरगा होता.

‘हितवादी’ या जातीचा पेपर नव्हता. त्याला इमारत होती, यंत्रं होती, हजारो वर्गणीदार होते, म्हणजे गमवायला खूप होतं. १९०७ च्या जुलैमध्ये काव्यविशारद जपानहून परतताना बोटीवर वारले आणि संपादकपद देउस्करांकडे आलं. मुद्रितं तपासायला आलेला मराठी माणूस तेरा वर्षांनी त्याच बंगाली पेपरच्या मुख्य खुर्चीवर बसला. फार दिवस नाही. डिसेंबरात सुरतेला काँग्रेस फुटली. मवाळांना वाटलं टिळकांनी फोडली, जहालांना वाटलं फिरोजशहा मेहतांनी. ‘हितवादी’च्या मालकांचा कल मवाळांकडे होता. टिळकांविरुद्ध अग्रलेख लिहा, असं त्यांनी संपादकाला सांगितलं. देउस्करांनी नकार दिला आणि खुर्ची सोडली.

यात मालकाला खलनायक करून गोष्ट सोपी करता येईल. पण मालकाच्या जागेवरून पाहा. त्याच वर्षी ‘युगांतर’वर खटले झालेले, ‘संध्या’वरही खटला झालेला, आणि आपला संपादक टिळकांच्याच भाषेचा, टिळकांचाच भक्त. अग्रलेख कुणाच्या मताचा असावा, हा प्रश्न बंगाली वर्तमानपत्रांत याआधीही होता, पण संपादक आणि मालक बहुधा एकच माणूस असल्याने तो उघडा पडला नव्हता. घोषांच्या घरात शिशिरकुमारांनी राजीनामा कुणाकडे द्यायचा? पेपर कंपनीचा झाला, कंपनीचा मालक बदलला आणि संपादक पगारी झाला, तेव्हा हा पेच प्रत्यक्षात आला. देउस्करांनी तो लेख लिहायचं नाकारलं आणि पगार सोडला. सगळ्यांना ते परवडत नाही. त्यांनाही परवडलं नाही.

*

त्यानंतर काही काळ त्यांनी कोलकात्याच्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेच्या विद्यालयात बंगाली भाषा आणि भारताचा इतिहास शिकवला. मराठी माणूस बंगाली मुलांना बंगाली शिकवत होता, आणि याच संस्थेच्या महाविद्यालयात त्यांचा भाचा हिंदी आणि मराठी शिकवत होता. भाचा म्हणजे बाबूराव विष्णू पराडकर. काशीत वाढलेले पराडकर १९०६ मध्ये कोलकात्याला आले, ‘हिंदी बंगवासी’त लागले आणि वर्षभरात ‘हितवार्ता’ या हिंदी साप्ताहिकात गेले. ‘हितवार्ता’ ‘हितवादी’च्याच कचेरीतून निघे. बंगाली पेपरवाल्यांनी हिंदी वाचकासाठी हिंदी पेपर काढायचा आणि त्यासाठी काशीचा मराठी माणूस आणायचा, ही व्यवस्था त्या शहरात कुणाला विचित्र वाटत नव्हती. मामांचं ‘देशेर कथा’ पराडकरांनी ‘देश की बात’ म्हणून हिंदीत नेलं. पुढे ते तुरुंगात गेले, सुटले, आणि १९२० मध्ये काशीत शिवप्रसाद गुप्तांनी काढलेल्या ‘आज’ दैनिकाचे संपादक म्हणून हिंदी पत्रकारितेत कायमचे स्थिरावले.

देउस्करांनी १९०८ मध्ये टिळकांच्या खटल्यावरही बंगालीत पुस्तक लिहिलं. १९१० च्या प्रेस कायद्याने सरकारच्या हातात नवं हत्यार दिलं आणि सप्टेंबरमध्ये ‘देशेर कथा’ आणि टिळकांच्या खटल्याचं पुस्तक, दोन्ही जप्त झाली. नोकरी नव्हती, पुस्तकं विकता येत नव्हती. घरात एकामागून एक मृत्यू झाले होते. ते करौंला परतले आणि २३ नोव्हेंबर १९१२ रोजी, त्रेचाळिसाव्या वर्षात, तिथेच वारले. महाराष्ट्रात त्यांचं नाव आजही फार थोड्यांना माहीत आहे. ज्या भाषेत त्यांनी लिहिलं त्या भाषेने मात्र त्यांना लक्षात ठेवलं.

उलट दिशेनेही एक माणूस गेला होता. मुंबईत १८९५ मध्ये ‘मनोरंजन’ मासिक काढणारे आणि १९०९ मध्ये मराठीतला पहिला दिवाळी अंक देणारे काशीनाथ रघुनाथ मित्र मुळात आजगावकर. बंगाली साहित्याच्या प्रेमाने त्यांनी आडनावच बंगाली घेतलं. बंगाल्यांच्या पूजा अंकांची आणि आपल्या दिवाळी अंकांची भावंडांसारखी जोडी आहे, ती अशा माणसांमुळे आणखी जवळची वाटते.

*

देउस्करांच्या नंतरची बंगाली दैनिकं हा मालकांचा इतिहास आहे. ‘वसुमती’ १९१४ मध्ये दैनिक झाली. १३ मार्च १९२२ रोजी, डोलपौर्णिमेला, सुरेशचंद्र मजुमदार आणि प्रफुल्लकुमार सरकार यांनी ‘आनंदबाजार पत्रिका’ काढली. सण होळीचा म्हणून पहिला अंक लाल शाईत. ‘आनंदबाजार’ हे नाव घोषांच्या एका जुन्या बंगाली पेपरचं. म्हणजे ‘अमृत बाजार’ने बंगाली सोडून जी जागा रिकामी केली, ती नावासकट दुसऱ्यांनी भरली. घोषांच्या घराण्याने १९३७ मध्ये ‘जुगांतर’ हे बंगाली दैनिक काढून परत यायचा प्रयत्न केला आणि तो बरीच दशकं चाललाही. पण ‘अमृत बाजार’ १९९१ मध्ये बंद पडलं आणि काही वर्षांत ‘जुगांतर’ही.

‘आनंदबाजार’ पुढे गेलं त्याचं एक कारण छापखान्यात आहे. मजुमदार स्वतः छपाईतले जाणकार. बंगालीत स्वर, काने-मात्रा आणि जोडाक्षरं धरून शेकडो निरनिराळे खिळे लागत. लायनोटाइप यंत्राच्या कळफलकावर एवढी अक्षरं मावणं अशक्य. लेखक राजशेखर बसूंच्या मदतीने मजुमदारांनी अक्षरांचे भाग सुटे केले, जोडाक्षरं तुकड्यांतून जुळतील अशी आखणी केली आणि १९३५ मध्ये ‘आनंदबाजार’ बंगाली लायनोटाइपवर निघू लागलं. जुळाऱ्याने एकेक खिळा वेचण्याऐवजी यंत्र ओळीच्या ओळी ओतू लागलं. बातमी रात्री उशिरापर्यंत घेता येऊ लागली आणि इंग्रजी दैनिकांची शंभर वर्षांची आघाडी निम्मी झाली. बंगाली अक्षरांचं आज छापील जे रूप दिसतं, त्यावर या आखणीचा ठसा आहे.

१९४७ नंतर ढाक्याची वेगळी शाखा फुटली. मौलाना अक्रम खाँ यांनी १९३६ मध्ये कोलकात्यात काढलेलं ‘आझाद’ फाळणीनंतर ढाक्याला गेलं, १९५३ मध्ये ‘इत्तेफाक’ दैनिक झालं आणि १९७१ च्या मार्चमध्ये पाकिस्तानी सैन्याने त्याची कचेरी जाळली. तो स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. कोलकात्यात १९८१ मध्ये ‘आजकाल’ आणि १९८४ मध्ये वरुण सेनगुप्तांचं ‘वर्तमान’ आलं. सेनगुप्ता ‘आनंदबाजार’चे नावाजलेले वार्ताहर, ते बाहेर पडले आणि स्वतःच प्रकाशक झाले. मालकाशी न पटलं तर काय करायचं, याचं हे दुसरं उत्तर. देउस्करांकडे त्यासाठी लागणारं भांडवल नव्हतं.

कोलकात्याचा धागा बैहरपर्यंतही येतो. बैहरपासून थोड्या अंतरावर मलाजखंडची तांब्याची खाण आहे. ती हिंदुस्थान कॉपरची, आणि कंपनीची मुख्य कचेरी कोलकात्यात. बैहरहून घाट उतरून बालाघाट स्टेशनावर गेलं की जी जुनी अरुंद रेल्वे होती, ती बंगाल-नागपूर रेल्वेची. तिचा कारभारही कोलकात्याच्या गार्डन रीचहून चालायचा. वर्तमानपत्रांचा पैसाही गेल्या दोन दशकांत असाच इकडून तिकडे फिरला आहे. १ जून २०१२ पासून ‘स्टार माझा’ या मराठी वृत्तवाहिनीचं नाव ‘एबीपी माझा’ झालं. त्यातली तीन अक्षरं आनंदबाजार पत्रिकेची. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोलकात्यात ‘एइ समय’ हे नवं बंगाली दैनिक निघालं, आणि ते काढणारी कंपनी होती मुंबईची बेनेट कोलमन, १९६२ पासून ‘महाराष्ट्र टाइम्स’ काढणारी.